लाल चौकोनाची साक्ष

दोस्तांनो, आज आपण जरा गुप्तहेर होऊ या. गुन्हा तसा मोठा नाही, पण ज्याच्या बाबतीत घडतो त्याला रात्रभर हळहळ वाटते.

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यात एक कुटुंब फिरायला गेलं आहे. पहाटेची थंडी, उघडी जिप्सी, सगळे कुडकुडताहेत. दोन तास हिंडल्यावर उंच गवतात वाघ दिसतो. सगळ्यांचा श्वास अडकतो. ताई कॅमेरा उचलते आणि खट् खट् खट् असे तीन-चार फोटो काढते. वाघ शांतपणे निघून जातो. घरी आल्यावर सगळे संगणकासमोर दाटीवाटीने बसतात आणि बघतात तो काय! पुढची गवताची पाती इतकी स्वच्छ, की त्यांच्यावरचे दवाचे थेंब मोजून घ्यावेत. आणि मागे वाघ? पिवळ्या-काळ्या रंगाचा नुसता धुरकट डाग!

मग घरात खटला सुरू होतो. दादा म्हणतो, "ताईचा हात हलला." ताई म्हणते, "छे, कॅमेराच बिघडलाय." बाबा म्हणतात, "लेन्स साधी आहे, तिचाच दोष." आजी म्हणते, "अरे, वाघच हलला असेल!"

चौघांपैकी बरोबर कोण? तुम्ही म्हणाल, आता ते कसं कळणार? वाघ गेला, सकाळ गेली. पण गंमत अशी, की या घटनेचा एक साक्षीदार आहे आणि तो त्या फोटोच्या पोटातच बसलेला आहे. फोटो काढताना कॅमेऱ्याने नेमकी कुठे नजर लावली होती, हे तो सांगतो. संगणकावरच्या काही सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं, की फोटोवर छोटासा लाल चौकोन उमटतो. तोच आपला साक्षीदार. त्याला प्रश्न कसे विचारायचे आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, ते आज बघू.

आधी डोळ्यांची परीक्षा

खिडकीला डासांची जाळी असेल, तर तिच्यापासून वीतभर अंतरावर उभे राहा. एक डोळा मिटा. आता जाळीच्या तारांकडे बघा. तारा स्वच्छ दिसतात, पण बाहेरचं कडुनिंबाचं झाड अंधूक होतं. आता झाडाकडे बघा. झाड स्वच्छ, जाळी जणू गायब! तुम्ही तर जागचे हललाही नाहीत. मग बदललं काय?

बदललं तुमच्या डोळ्यातलं भिंग. त्याला नेत्रमणी म्हणतात. त्याच्याभोवतीचे बारीक स्नायू त्याचा आकार बदलतात. जवळचं बघताना तो फुगीर होतो, लांबचं बघताना चपटा होतो. एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू अगदी नीट दिसते. हाच फोकस.

कॅमेऱ्याचं भिंग फुगत नाही, ते पुढेमागे सरकतं. पण नियम तोच. एका वेळी एकच अंतर. त्या अंतराच्या थोडं पुढचं-मागचंही चालण्यासारखं दिसतं, पण लांब पल्ल्याची मोठी लेन्स लावली आणि वस्तू फार दूर नसली, की ही सवलत फारच आखूड होते. कधी कधी वाघाचा डोळा स्वच्छ आणि कान अंधूक, इतकी आखूड!

कॅमेऱ्याला अंतर कसं कळतं?

आता दुसरा प्रयोग. एक बोट नाकासमोर हातभर अंतरावर धरा. मागे भिंतीवरचं कॅलेंडर असू द्या. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. बोट कॅलेंडरवर एका तारखेवरून दुसऱ्या तारखेवर उडी मारतं ना? बोट जवळ आणा, उडी मोठी होते. लांब न्या, उडी लहान होते. म्हणजे उडी मोजली, की अंतर कळलं!

कॅमेरा हेच करतो. त्याला डोळे दोन नाहीत, पण त्याची लेन्स रुंद असते. लेन्सच्या डाव्या कडेतून आलेला प्रकाश आणि उजव्या कडेतून आलेला प्रकाश तो वेगवेगळा तपासतो. दोन्ही चित्रं जिथे असायला हवीत तिथे असली, तर फोकस बरोबर. सरकलेली असली, तर कुठल्या बाजूला आणि किती, यावरून भिंग पुढे न्यायचं की मागे, आणि किती, ते एका झटक्यात कळतं. या पद्धतीला 'फेज डिटेक्शन' म्हणतात.

दुसरी पद्धत साधी, पण जरा धिमी. जुन्या रेडिओचं बटण फिरवून आजी-आजोबा स्टेशन लावायचे, ते त्यांना विचारा. आवाज स्पष्ट होत जातो, थोडं पुढे गेलं की खरखर येते, मग परत मागे यायचं. कॅमेराही भिंग सरकवत जातो आणि चित्रातल्या रेषा सगळ्यात ठळक कुठे दिसतात ते शोधतो.

दोन्ही पद्धतींना एक गोष्ट लागतेच. चित्रात काहीतरी रेष, कडा, ठिपका हवा. म्हणूनच फुटलेल्या कापसाच्या बोंडाचा अगदी जवळून फोटो घेताना कॅमेरा कधी कधी गोंधळतो. सगळं पांढरंच पांढरं! भिंग नुसतं पुढेमागे, पुढेमागे करत राहतं. अशा वेळी जिथे पांढरा कापूस आणि बोंडाचं वाळलेलं तपकिरी टरफल एकमेकांना भिडतात, त्या कडेवर कॅमेरा रोखायचा. लगेच जमतं.

आता, चित्रात तर शेकडो वस्तू असतात. त्यातल्या कुठल्या वस्तूचं अंतर मोजायचं? त्यासाठी कॅमेऱ्याच्या चौकटीत ठरावीक जागा नेमून दिलेल्या असतात. त्यांना फोकस पॉइंट म्हणतात. आपण त्यांना फोकसबिंदू म्हणू. बिंदू तुम्ही निवडू शकता, किंवा "तूच ठरव बाबा" असं कॅमेऱ्यावर सोपवू शकता.

आपोआप फोकस करणारा आणि दुकानात सर्रास मिळणारा पहिला कॅमेरा म्हणजे १९७७ सालचा जपानी 'कोनिका सी-३५ एएफ'. १९८५ साली 'मिनोल्टा ७०००' आला. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांमध्ये आपोआप फोकसची खरी सुरुवात त्याने केली. त्यात फोकसची जागा एकच, मधोमध. १९९२ साली कॅननच्या 'ईओएस ५' मध्ये पाच बिंदू होते आणि करामत अशी, की फोटो काढणाऱ्याची बुबुळं कुठे वळली आहेत ते बघून कॅमेरा त्यांतला एक बिंदू निवडत असे! १९९८ च्या 'ईओएस ३' मध्ये ४५ बिंदू झाले, २००७ च्या निकॉन 'डी ३' मध्ये ५१. आता तर शेकडो बिंदूंचे कॅमेरे आले आहेत आणि त्यांतले काही माणसाचा, पक्ष्याचा, प्राण्याचा डोळा आपण होऊन शोधतात.

बिंदू एक होता तेव्हा नजर कुठे होती हे विचारावंच लागत नव्हतं. बिंदू शेकडो झाले, तसा प्रश्न उभा राहिला: यातला नेमका कुठला वापरला?

फोटोच्या पोटातली चिठ्ठी

डिजिटल कॅमेरा फोटो साठवतो तेव्हा चित्रासोबत एक चिठ्ठीही लिहून ठेवतो. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं नाव, लेन्स किती मिलिमीटरची, शटर किती वेळ उघडं होतं, भिंगाचं छिद्र केवढं होतं, सगळं त्यात असतं. ही चिठ्ठी कशी लिहायची याचे नियम जपानमधल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने १९९५ साली ठरवले. त्या पद्धतीला 'एक्झिफ' म्हणतात.

या चिठ्ठीत एक खास कप्पा असतो. तो प्रत्येक कंपनीने आपल्याला हवा तसा भरायचा. कुठला फोकसबिंदू वापरला, ही नोंद बहुतेक वेळा याच कप्प्यात जाते. पण इथे एक अडचण आहे. प्रत्येक कंपनीची लिहिण्याची भाषा वेगळी. कॅननची निराळी, निकॉनची निराळी, सोनीची निराळी. जणू वर्गातल्या प्रत्येक मुलाने आपापली सांकेतिक लिपी बनवली आहे.

म्हणून या कंपन्यांची स्वतःची सॉफ्टवेअर हा चौकोन सहज दाखवतात. कॅननचं 'डिजिटल फोटो प्रोफेशनल' आणि निकॉनचं २०२१ साली आलेलं 'एनएक्स स्टुडिओ' ही त्या त्या कॅमेऱ्यांसाठी फुकट मिळतात. फोटो उघडायचा, फोकसबिंदू दाखवण्याचं बटण दाबायचं, की झालं. पण सगळ्या कंपन्यांचे फोटो उघडणाऱ्या इतर सॉफ्टवेअरना या लिप्या वाचायला दुभाष्या लागतो. कॅनडातल्या फिल हार्वे यांनी 'एक्झिफटूल' नावाचा असा दुभाष्या लिहिला आणि २००३ पासून तो सगळ्यांना फुकट दिला. ॲडोबीच्या 'लाइटरूम क्लासिक' साठी हौशी लोकांनी 'फोकस पॉइंट्स' नावाची एक जोडणी तयार केली आहे. तीसुद्धा आतून याच दुभाष्याला विचारते. 'डिजीकॅम' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही फोकसबिंदू दाखवू शकतं.

घरी संगणक नसेल तरी हिरमुसू नका. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मागच्या पडद्यावर फोटो पुन्हा बघतानाही हा चौकोन दाखवता येतो. मेनूमध्ये शोधा.

आता तपास

चला, ताईचा फोटो उघडू. फोटो पूर्ण मोठा करायचा, इतका की त्यातले बारीक ठिपके दिसू लागतील. लहान फोटोत सगळेच फोटो चांगले दिसतात, बरं का! मग चौकोन दाखवायचा आणि दोन प्रश्न विचारायचे. चौकोन कुठे आहे? आणि खरोखर स्वच्छ काय दिसतंय? या दोन उत्तरांची जोडी लावली, की दोषी सापडतो.

समजा, चौकोन गवतावर आहे आणि गवतच स्वच्छ आहे. मग कॅमेरा बिघडलेला नाही. त्याने सांगितलं तसंच केलं. फक्त बिंदू निवडायचं काम ताईने त्याच्यावर सोपवलं होतं आणि समोर जे सगळ्यात जवळ, ठळक रेषांचं होतं ते त्याने पकडलं. गवताच्या पात्यासारख्या उभ्या, ठळक रेषा तर त्याला फारच आवडतात. उपाय सोपा: पुढच्या वेळी एकच लहान बिंदू आपण स्वतः निवडायचा आणि तो गवताच्या फटीतून वाघाच्या डोळ्यावर ठेवायचा.

समजा, चौकोन वाघाच्या डोळ्यावर आहे, पण स्वच्छ मात्र त्याची शेपटी दिसते. असं एकदा झालं तर वाघ पुढे सरकला असेल. दर वेळी आणि दर फोटोत असंच झालं, तर मात्र कॅमेरा आणि लेन्स यांचं जुळत नाही. आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत फोकस मोजणारी यंत्रणा वेगळ्या जागी बसवलेली असते. ती केसभर जरी सरकली, तरी फोकस पुढे किंवा मागे पडतो. काही कॅमेऱ्यांत हे घरच्या घरी दुरुस्त करता येतं, नाहीतर दुरुस्तीवाल्याकडे न्यायचं.

समजा, चौकोन वाघावर आहे, पण फोटोत काहीच स्वच्छ नाही. वाघ, गवत, दगड, सगळंच एका दिशेने फराटल्यासारखं दिसतंय. मग हात हलला. चिठ्ठीत शटरचा वेळ बघा. फोटोवाल्यांचा एक जुना आडाखा आहे: लेन्स ४०० मिलिमीटरची असेल तर शटर सेकंदाच्या ४०० व्या भागापेक्षा जास्त वेळ उघडं ठेवू नये. हल्लीच्या पुष्कळ लेन्समध्ये हात सावरणारी सोय असते, म्हणून थोडी सूट मिळते, पण आडाखा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

समजा, दगड आणि झाडं स्वच्छ आहेत आणि एकटा वाघच फराटला आहे. मग आजी जिंकली! वाघच हलला.

आणि एक पाचवा संशयित आहे. त्याचं नाव कुणीच घेत नाही. चौकोन बरोबर, शटर बरोबर, हात स्थिर, तरीही लांबचा प्राणी पाण्यातून पाहिल्यासारखा लवलवता दिसतो. हा प्रताप तापलेल्या हवेचा. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो. जमीन तापते, तिच्यावरची हवा गरम होऊन वर चढते, आणि गरम-थंड हवेचे थर प्रकाशाला वाकवत राहतात. दुपारी डांबरी रस्त्यावर पाणी असल्याचा भास होतो ना, त्याच खेळाचा हा भाऊ. याला कुठलीही महागडी लेन्स उपाय नाही. एकच उपाय: सकाळी लवकर जा, आणि जवळ असेल त्याचाच फोटो घ्या.

आपल्या ताईच्या फोटोत चौकोन गवतावर होता. म्हणजे चौघांपैकी कुणीच बरोबर नव्हतं! आणि विशेष म्हणजे, नवी लेन्स घ्यायची काहीच गरज नव्हती.

साक्षीदारही फसवतो!

आता थोडं सावध व्हा. कोर्टात साक्षीदाराची उलटतपासणी होते, तशी चौकोनाचीही करायला हवी.

स्नेहसंमेलनात तुम्ही मित्राचा फोटो काढताय. कॅमेऱ्याचा मधला बिंदू त्याच्या चेहऱ्यावर धरला, बटण अर्धं दाबून फोकस पक्का केला, आणि मग मागची कमान यावी म्हणून कॅमेरा जरा उजवीकडे वळवून फोटो काढला. घरी बघता तर चौकोन रंगमंचाच्या पडद्यावर! आणि मित्र मात्र स्वच्छ. भुताटकी? नाही. चौकोन म्हणजे कॅमेऱ्याच्या चौकटीतली जागा. बिंदू मधला होता, म्हणून तो मध्यभागीच दाखवला जातो. नंतर तुम्ही कॅमेरा वळवलात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नाही.

दुसरं असं, की पडद्यावर चौकोन जेवढा दिसतो, त्यापेक्षा कॅमेऱ्याची मोजायची खरी जागा पुष्कळदा मोठी असते. चौकोन वाघाच्या डोळ्यावर दिसतो, पण शेजारून गेलेलं गवताचं पातं मोजणीत घुसलेलं असतं.

तिसरं, चौकोन म्हणजे शाबासकी नव्हे. "मी इथे बघत होतो," एवढंच तो सांगतो. "इथलं चित्र नीट आलं," असं तो कधीच म्हणत नाही. ते तुमच्या डोळ्यांनीच ठरवायचं. म्हणून चौकोन आधी बघू नका. आधी चित्र बघा, कुठलं स्वच्छ आहे ते ठरवा आणि मग चौकोन लावा. नाहीतर चौकोन डोळ्यावर दिसला, की मन म्हणतं, "वा, डोळा छान आलाय!" आणि तो आलेला नसतो.

हे सगळं कशासाठी?

तुम्ही विचाराल, एक फोटो अंधूक आला तर एवढं काय बिघडलं? चला, दोन गोष्टी सांगतो.

वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे आपल्या अंगठ्याचे ठसे. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. इतकंच काय, एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात. डॉ. उल्लास कारंत यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळे जंगलात या पट्ट्यांवरून वाघ ओळखून त्यांची संख्या काढण्याची शास्त्रीय रीत वापरून दाखवली. आज देशभर वाघांची मोजणी करताना जंगलात वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. समोरून प्राणी गेला, की ते आपोआप फोटो काढतात.

डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात अशाच एका कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. त्या भागात वाघ? सगळे चकित झाले. हा आला कुठून? पट्टे जुळवून बघितले आणि उत्तर मिळालं: टिपेश्वरहून! शेतं, रस्ते, नद्या ओलांडत तो शेकडो किलोमीटर चालत गेला होता. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, खबर द्यायला कुणी माणूस नव्हता. ओळख पटली ती फक्त फोटोतल्या पट्ट्यांवरून. जंगलातल्या अशा कॅमेऱ्यांचा फोकस बहुधा आधीच ठरावीक अंतरावर पक्का केलेला असतो, त्यामुळे बिंदू निवडायचा प्रश्न तिथे येत नाही. पण तुमच्या-आमच्या कॅमेऱ्यात तो दर वेळी येतो. पट्टे स्वच्छ असलेला पर्यटकाचा फोटोही ओळख पटवायला कामाचा असतो. धुरकट डाग मात्र फक्त सांगतो, "वाघ होता." कुठला, ते नाही.

दुसरी गोष्ट घराजवळची. यवतमाळ म्हणजे कापसाचा जिल्हा. इथे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या पऱ्हाटीचं फार मोठं नुकसान केलं. त्याच वर्षी याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा कीड नेमकी कोणती, फवारणीची गरज आहे का, आणि असली तर कशाची, हे जाणकाराला विचारणं किती मोलाचं आहे ते तुमच्या लक्षात येईल.

आज पुष्कळ कास्तकार वावरातूनच किडीचा फोटो काढून कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याला किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांना पाठवतात. आणि हे फोटो काढायचं काम घरात कुणाकडे येतं? तुमच्याकडेच! बोंडअळ्या तीन प्रकारच्या आहेत: अमेरिकन, ठिपक्यांची आणि गुलाबी. फोटोत पान स्वच्छ आणि अळी धुरकट असली, तर तज्ज्ञ तरी काय सांगणार? गुलाबी अळी तर बोंडाच्या आत दडते, त्यामुळे बोंड उकलूनच फोटो घ्यावा लागतो. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी डोमकळी आढळली, तर तिचाही घ्या.

मोबाइलवर फोटो काढताना पडद्यावर अळीवरच बोट टेकवा. तिथे चौकोन उमटतो ना? तोच तुमचा फोकसबिंदू. फोन अगदी अळीला टेकवू नका. फार जवळ गेलं की भिंगाला जमत नाही. थोडं मागे या, फोटो काढा, आणि नंतर हवा तेवढा भाग कापून घ्या. फांदी वाऱ्याने हलत असेल तर दुसऱ्या हाताने धरा. शेजारी एक नाणं ठेवा, म्हणजे अळी केवढी तेही कळेल. आणि पाठवण्याआधी फोटो मोठा करून बघा. आणि हो, नुकतीच फवारणी झालेल्या वावरात मुलांनी शिरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही.

करून बघा

एक वर्तमानपत्र टेबलावर आडवं पसरा. त्याच्या एका बाजूला बसून तिरक्या नजरेने फोटो काढायचे आहेत, म्हणजे जवळच्या ओळी खाली आणि लांबच्या ओळी वर दिसतील. मधल्या एका ठळक मथळ्याखाली पेनाने रेघ मारा.

पहिला फोटो कॅमेऱ्यालाच बिंदू निवडू देऊन काढा. दुसरा फोटो बिंदू स्वतः त्या मथळ्यावर ठेवून काढा. तिसरा फोटो मथळ्यावर फोकस पक्का करून, मग कॅमेरा थोडा वळवून काढा. प्रत्येक फोटोत सगळ्यात स्वच्छ ओळ कोणती, ते आधी वहीत लिहा. मगच सॉफ्टवेअरमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या पडद्यावर चौकोन बघा आणि तोही लिहा. तिन्ही वेळा दोन्ही उत्तरं जुळली का? नाही जुळली, तर का नाही? एवढं जमलं, की तुम्ही पक्के गुप्तहेर झालात.

आई-बाबांसाठी दोन शब्द

मूळ फोटो जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला, की तो लहान होतो आणि त्यातली चिठ्ठी बहुतेक गळून पडते. मग चौकोन दिसत नाही. चिठ्ठीसकट पाठवायचा असेल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

पण याच चिठ्ठीत पुष्कळदा फोटो काढल्याची जागाही लिहिलेली असते. घर, शाळा, पक्ष्याचं घरटं, वाघाची वाट, यांचे ठिकाणासह फोटो अनोळखी हातांत जाऊ नयेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यातली ठिकाण नोंदवण्याची सोय बंद करायला मुलांना शिकवा. त्यांच्याबरोबर बसून एकदा चिठ्ठी उघडून बघितलीत, तर त्यांना आपोआप पटेल.

आणि मूल नव्या कॅमेऱ्याचा हट्ट करत असेल, तर आधी त्याच्या वीस फसलेल्या फोटोंवर चौकोन लावून बघायला सांगा. वीसपैकी किती वेळा बिंदू चुकला, किती वेळा हात हलला, किती वेळा खरंच कॅमेरा चुकला, याचा तक्ता त्यानेच करायचा. निर्णय सोपा होईल.

या आठवड्याचं कोडं

बेंबळा धरणाच्या काठी एका मुलीने फांदीवर बसलेल्या खंड्या पक्ष्याचा फोटो काढला. चिठ्ठीत लिहिलंय: लेन्स ४०० मिलिमीटर, शटर सेकंदाचा ५० वा भाग. लाल चौकोन बरोबर खंड्याच्या डोळ्यावर. पण खंड्या, फांदी, पानं, सगळंच डावीकडून उजवीकडे पुसल्यासारखं दिसतंय. दोष कुणाचा? आणि फक्त खंड्याच पुसला गेला असता आणि फांदी स्वच्छ असती, तर?

उत्तर वाचण्याआधी मिनिटभर विचार करा हं!

उत्तर: सगळंच एका दिशेने पुसलं गेलंय आणि शटर ४०० मिलिमीटरच्या लेन्सला फारच जास्त वेळ उघडं होतं, म्हणून दोष हलणाऱ्या हाताचा. फांदी स्वच्छ असती, तर खंड्या हलला असता. दोन्ही वेळा चौकोन डोळ्यावरच होता. पण तेवढ्याने फोटो चांगला आला का? नाही ना!